दात गेले, जंतू गेले का?

दात हलू लागतात, हिरड्यांतून पू येतो, तोंडाला वास मारतो आणि भाकरीचा तुकडा मोडतानाही कळ येते. पायरिया या टप्प्यावर आला की रुग्ण स्वतःच म्हणतो, ‘डॉक्टर, एकदाचे सगळे काढून टाका.’ दात निघतात, जखमा भरतात, दोन-तीन महिन्यांनी कवळी बसते आणि तोंडाचा विषय मिटला असे सगळे घर धरून चालते. एका अर्थी ते खरेही आहे. पायरिया हा दाताला जबड्यात धरून ठेवणाऱ्या हिरडीचा, तंतूंचा आणि हाडाचा आजार आहे. दातच नसेल तर तो होणार कुठे? पण हा आजार घडवणारे जिवाणू दातांबरोबर बाहेर जातात, की बोळक्या तोंडातच मुक्काम ठोकून राहतात, हा प्रश्न वेगळा आहे.

गेल्या पन्नासेक वर्षांत या प्रश्नाचे उत्तर बदलत गेले. आधी संशोधक म्हणत, जातात. मग म्हणू लागले, जात नाहीत. आज हाती असलेला पुरावा एकत्र पाहिला तर उत्तर असे दिसते: बहुतेक जातात, थोडे राहतात, आणि त्या राहिलेल्यांनी बिघडते काय, हे त्या तोंडात पुढे काय बसवले जाते आणि ते कसे राखले जाते यावर ठरते. कवळीऐवजी जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून ‘फिक्स दात’ बसवून घेण्याकडे लोकांचा कल वाढत असताना हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा उरलेला नाही.

दातावरच एवढा लोभ का

शरीराच्या बाहेरच्या आणि आतल्या जवळजवळ सगळ्या पृष्ठभागांवरच्या पेशी सतत झडत असतात. गालाच्या आतले अस्तर, जीभ, टाळू यांच्यावर बसलेले जिवाणू त्या झडणाऱ्या पेशींबरोबर वाहून जातात आणि पोटात जातात. दात मात्र झडत नाही. त्यावर जिवाणूंचा थर दिवसेंदिवस वाढू शकतो. शिवाय दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी तोंडात ती १ ते ३ मिलिमीटर खोल असते. पायरियात तीच ५, ७, कधी १० मिलिमीटरपर्यंत जाते. या खोल कप्प्यात ऑक्सिजन जवळजवळ पोचत नाही, आत ऊब असते आणि हिरडीतून प्रथिनांनी भरलेला द्रव पाझरत राहतो.

पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा पायरियातला सर्वांत बदनाम जिवाणू. त्याला साखरेत रस नसतो. तो प्रथिनांच्या तुकड्यांवर जगतो आणि वाढीसाठी त्याला रक्तातले लोहयुक्त हीम लागते. म्हणूनच प्रयोगशाळेत रक्त मिसळलेल्या माध्यमावर वाढवला की त्याच्या वसाहती काळ्याभोर होतात. रक्त येणारी हिरडी ही त्याची पंगतच. १९९८ साली बोस्टनच्या फोर्साइथ संस्थेत सिगमंड सोक्रान्स्की आणि ॲन हॅफजी यांच्या गटाने १८५ जणांच्या दातांजवळून घेतलेले १३ हजारांहून अधिक नमुने तपासले आणि कोणते जिवाणू एकमेकांच्या सोबतीने राहतात याचे गट पाडले. खोल कप्पे आणि रक्तस्राव यांच्याशी सर्वांत घट्ट जोडलेल्या तिघांना त्यांनी ‘लाल गट’ म्हटले: पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फोर्सिथिया आणि मळसूत्रासारखा ट्रेपोनेमा डेंटिकोला. तरुण वयात झपाट्याने होणाऱ्या पायरियाशी जोडला जाणारा ॲग्रिगॅटिबॅक्टर ॲक्टिनोमायसेटेमकोमिटॅन्स हा या तिघांपेक्षा वेगळा, पण तितकाच नावाजलेला.

कप्पा हेच या मंडळींचे घर. दात काढला की कप्पा नाहीसा होतो. मग ते उरतील कशाला, असा सरळ हिशेब होता.

उपटून टाकण्याचा काळ

हा हिशेब वैद्यकाला एकदा फार महागात पडला आहे. १९१० साली लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण केले. किडलेल्या मुळांवर सोन्याच्या टोप्या आणि ब्रिज चढवणाऱ्या दंतवैद्यांवर त्यांनी टीकेची झोड उठवली. तोंडातला हा लपलेला संसर्ग संधिवातापासून ॲनिमियापर्यंत अनेक आजारांचे मूळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढची वीस-पंचवीस वर्षे अमेरिकेत या ‘फोकल इन्फेक्शन’च्या सिद्धान्ताने जोर धरला आणि चांगलेसुद्धा दात संशयावरून उपटले गेले. न्यू जर्सीतल्या ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी तर वेडाचे कारण जंतुसंसर्ग आहे असे मानून रुग्णांचे दात सरसकट काढले. दातांनी गुण आला नाही की टॉन्सिल्स, मग आतडे. कित्येक रुग्ण त्या शस्त्रक्रियांत दगावले.

सिद्धान्त पुढे मागे पडला, पण त्यातले एक गृहीतक कोणी तपासून पाहिले नव्हते: दात काढले की तोंड जंतूंच्या दृष्टीने कोरे होते.

पहिले उत्तर: जातात

१९७१ साली सोक्रान्स्की आणि मँगानिएलो यांनी जन्मापासून म्हातारपणापर्यंत तोंडातले जिवाणू कसे बदलतात याचा आढावा घेतला. दात येण्याआधी आणि दात गेल्यानंतर तोंडातला जिवाणूंचा संसार साधारण एकमेकांसारखा असतो, हे त्यातले सूत्र अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिले. १९९१ साली फिनलंडमध्ये आयिया कोनोनेन आणि सहकाऱ्यांनी कवळी वापरणाऱ्या वृद्धांची तोंडे तपासली. १९९४ आणि १९९५ साली नेदरलँड्समध्ये डान्सर, व्हान विंकलहॉफ आणि व्हान डर व्हेल्डेन यांच्या गटाने थेट पायरियाच्या रुग्णांकडेच पाहिले. सगळे दात काढण्याआधी जीभ, गाल, लाळ यांतून नमुने घेतले आणि नंतर पुन्हा घेतले. पॉर्फिरोमोनास आणि ॲग्रिगॅटिबॅक्टर नंतरच्या नमुन्यांत सापडेनासे झाले. प्रिव्होटेला इंटरमीडिया हा त्यांचा कमी बदनाम नातलग मात्र राहिला.

निष्कर्ष स्पष्ट वाटत होता. त्या दोघांना दात लागतो. दात नाही, तर तेही नाहीत. इम्प्लांट बसवणाऱ्यांना याहून सोयीचे काय असणार? आधी सगळे दात काढा, काही महिने थांबा, मग जंतुमुक्त तोंडात स्क्रू रोवा.

दुसरे उत्तर: जात नाहीत

या सगळ्या तपासण्या कल्चरवर उभ्या होत्या. नमुना घ्यायचा, तो ऑक्सिजनपासून जपत प्रयोगशाळेत न्यायचा, माध्यमावर पसरायचा आणि आठवडा-दीड आठवडा वाढू द्यायचा. या वाटेवर तोंडातले हे नाजूक जिवाणू मरतात. जे वाचतात तेही थोडेच असतील तर इतर लाखोंच्या गर्दीत त्यांची वसाहत नजरेस पडत नाही. म्हणजे ‘सापडले नाहीत’ याचा खरा अर्थ ‘आमच्या चाळणीपेक्षा बारीक होते’ असाही असू शकतो.

डीएनए ओळखणारी तंत्रे आली आणि ही शंका खरी ठरली. २००८ साली फोर्साइथ संस्थेतच सचदेव, हॅफजी आणि सोक्रान्स्की यांनी एकही दात नसलेल्या ६१ जणांची तोंडे आणि कवळ्या डीएनए-आधारित पद्धतीने तपासल्या. दातच नसलेल्या तोंडांत पॉर्फिरोमोनास आणि ॲग्रिगॅटिबॅक्टर दोघेही आढळले. म्हणजे ज्या सोक्रान्स्कींच्या नावावर पहिले उत्तर होते, त्यांच्याच नावावर हे दुसरेही लागले.

पुढच्याच वर्षी बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठात व्हान ॲशे, टॉयगेल्स, क्विरिनेन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही पद्धती एकाच रुग्णावर वापरल्या. सगळे दात काढण्यावाचून उपाय उरला नव्हता असे तीव्र पायरियाचे ९ रुग्ण त्यांनी निवडले. दात काढण्याआधी आणि नंतर घेतलेले जीभ व लाळेचे तेच नमुने कल्चरलाही लावले आणि क्यूपीसीआर या डीएनए मोजणाऱ्या तंत्रालाही. कल्चरने जुनेच उत्तर दिले: बहुतेक प्रमुख जिवाणू गायब. क्यूपीसीआरने सांगितले की पॉर्फिरोमोनास आणि टॅनेरेला कमी झालेत, काही ठिकाणी हजारपटीपर्यंत, पण संपलेले नाहीत. आणि ॲग्रिगॅटिबॅक्टर तर फारसा हललेलाही नाही. एकाच थेंबातून दोन निकाल निघाले आणि वादाचे मूळ उघडे पडले. जुने संशोधक चुकीचे बघत नव्हते. त्यांच्या साधनाची नजर तेवढीच होती.

२०१४ साली ग्रोनिंगेनमध्ये दे वाल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, त्यात व्हान विंकलहॉफही होते. दात काढल्यावर तोंडातली जिवाणूंची वस्ती चांगलीच बदलते, पॉर्फिरोमोनास आणि ॲग्रिगॅटिबॅक्टर अनेकदा सापडेनासे होण्याइतके कमी होतात, पण काही रुग्णांत अत्यल्प प्रमाणात टिकून राहतात, असे त्यातून दिसले. ‘जातात’ म्हणणाऱ्या गटातलेच एक नाव ‘थोडे राहतात’ या निष्कर्षाखालीही आले, हे या विषयाच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानायला हवे.

राहतात तरी कुठे

शेत नांगरले म्हणून हरळी जात नाही. मुळीचा एक तुकडा बांधाला राहिला तरी पुरतो. तोंडात असे बांध बरेच आहेत. जिभेचा मागचा भाग खाचाखोचांनी भरलेला असतो आणि तिथल्या थराखाली ऑक्सिजन कमी असतो. टॉन्सिल्समधले खोल खड्डे ही दुसरी जागा. तिसरी जागा सर्वांत अनपेक्षित निघाली. २००१ साली मिनेसोटा विद्यापीठात रडनी आणि सहकाऱ्यांनी गालाच्या आतून खरवडलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पॉर्फिरोमोनास आणि ॲग्रिगॅटिबॅक्टर त्या पेशींच्या पोटात शिरून बसलेले होते. पेशीच्या आत असलेल्या जिवाणूला माउथवॉश पोचत नाही, शरीराची संरक्षक प्रथिनेही सहज पोचत नाहीत. पेशी झडते खरी, पण तोवर तो शेजारच्या पेशीत गेलेला असू शकतो.

चौथी जागा आपण स्वतः तोंडात बसवतो. कवळीचे ॲक्रिलिक दिसायला गुळगुळीत असले तरी सूक्ष्म छिद्रांचे असते, आणि दाताप्रमाणेच ते झडत नाही. वरच्या कवळीचा टाळूला चिकटणारा भाग तर लाळेच्या प्रवाहापासून तुटलेला असतो. दात गेल्यामुळे जो न झडणारा पृष्ठभाग नाहीसा झाला होता, तो अशा रीतीने परत येतो.

असणे आणि आजारी पाडणे

इथे थोडे थांबून एक आक्षेप पाहायला हवा. डीएनए मेलेल्या जिवाणूचाही असतो. क्यूपीसीआर जिवंत आणि मृत यांत फरक करत नाही. मग ही सगळी भुतेच मोजली जात नसतील कशावरून? आक्षेप योग्य आहे, पण पुरता लागू पडत नाही. दात काढून महिने लोटल्यावरही, दिवसभर लाळ गिळल्या जाणाऱ्या तोंडात डीएनए सापडत राहतो, याचा अर्थ तो कुठेतरी नव्याने तयार होतो आहे, असे मानणे जास्त सयुक्तिक ठरते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. हे अभ्यास लहान आहेत. ल्यूव्हेनचे ९ रुग्ण म्हणजे ९च. रुग्ण युरोप-अमेरिकेतले आहेत. दात नुकतेच गेलेला माणूस आणि तीस वर्षे कवळी वापरणारी आजी यांना एकाच तराजूत घालता येत नाही. ज्याचे दात किडीने गेले आणि ज्याचे पायरियाने गेले, त्यांच्या तोंडांचा इतिहासही वेगळा असतो.

आणि जिवाणू आहेत म्हणून आजार आहे, असेही नाही. २०११ साली हाजिशेंगालिस, डार्व्हो आणि कर्टिस यांच्या गटाने उंदरांवर दाखवले की पॉर्फिरोमोनास एकूण जिवाणूंच्या ०.०१ टक्क्यापेक्षाही कमी असला तरी बाकीच्या वस्तीचा तोल बिघडवतो आणि हाडाची झीज घडवतो. हे वाचून ‘अत्यल्प’ या शब्दाने निर्धास्त होता येत नाही. पण त्याच प्रयोगाची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे: जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांत तो एकटा सोडला, तेव्हा झीज झाली नाही. त्याला साथीला इतर जिवाणू लागतात आणि बिघडायला दाताभोवतीची खाच लागते. बोळक्या तोंडात हाड झिजते खरे. टालग्रेन यांच्या १९७२ सालच्या प्रसिद्ध अभ्यासात २५ वर्षांच्या पाठपुराव्यात खालचा जबडा वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजलेला दिसला. पण ती झीज पायरियाची नव्हे. दात गेल्यावर त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही, म्हणून ते आटत जाते.

थोडक्यात, दात नसलेल्या तोंडातले हे जिवाणू बहुतेक वेळा निमूट असतात. त्यांना काम मिळते ते नवी खाच तयार झाल्यावर.

इम्प्लांट: नवी खाच

१९६५ साली स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियमचा पहिला इम्प्लांट रुग्णाच्या जबड्यात बसवला. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, पण हिरडीतून वर येताना त्याच्याभोवतीही खाच तयार होतेच. १९८७ साली माँबेली आणि लांग यांच्या गटाने निकामी होत चाललेल्या इम्प्लांटभोवतीचे जिवाणू तपासले, तेव्हा ते पायरियाच्या कप्प्यातल्यासारखेच निघाले. २०११ साली क्विरिनेन आणि व्हान ॲशे यांनी पुढचा धागा जोडला. सगळे दात काढलेल्या रुग्णांत इम्प्लांट बसवून हिरडीबाहेर काढल्यावर दबून राहिलेले जिवाणू तिथे परत वस्तीला आले.

मग इम्प्लांट सगळ्यांचेच बिघडतात का? अजिबात नाही. १९८१ साली ब्रोनेमार्क यांच्याच गटाने पूर्ण बोळक्या जबड्यांचा १५ वर्षांचा अनुभव मांडला. पाच ते नऊ वर्षांनंतर वरच्या जबड्यातले ८१ टक्के आणि खालच्यातले ९१ टक्के इम्प्लांट पक्के होते. दुसरीकडे २०१५ साली डेर्क्स आणि टोमासी यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र केले, तेव्हा इम्प्लांटभोवती नुसती सूज असलेल्यांचे सरासरी प्रमाण ४३ टक्के आणि हाडही झिजू लागलेल्यांचे २२ टक्के निघाले. हे आकडे फक्त बोळक्या तोंडांचे नाहीत, पण इशारा म्हणून पुरेसे आहेत. ज्याला आधी पायरिया झाला होता त्याला हा धोका जास्त, आणि तंबाखू, आटोक्यात नसलेला मधुमेह व सफाईची हेळसांड यांनी तो आणखी वाढतो.

महाराष्ट्रात हे शेवटचे वाक्य दोनदा वाचायला हवे. इथे तंबाखू विडी-सिगारेटपुरता नाही. गावागावांत बायका भाजलेल्या तंबाखूची मशेरी रोज हिरड्यांना चोळतात आणि तिला दात घासण्याचे साधन समजतात. दात गेल्यावरही ती सवय सुटत नाही. ‘फिक्स दात’ घ्यायला आलेल्या व्यक्तीला दात कशाने गेले, मशेरी चालू आहे का आणि साखर किती आहे, हे न विचारता स्क्रू रोवणे म्हणजे बिघाडाला आमंत्रण.

कवळी: जुने दुखणे

ज्यांना इम्प्लांट परवडत नाही किंवा नको असतो, त्यांच्याही तोंडाचा प्रश्न सुटलेला नसतो. फरक एवढाच, की इथे पायरियाचे जिवाणू मुख्य आरोपी नसतात. कवळीखालची टाळू लालभडक होणे हे बहुतांशी कॅन्डिडा या बुरशीचे काम, आणि रात्रंदिवस कवळी न काढणाऱ्यांत ते जास्त दिसते. त्याहून मोठी काळजी छातीची. ग्लासगोतल्या संशोधकांनी १३० कवळ्या तपासल्या, तेव्हा जवळजवळ दोन-तृतीयांश कवळ्यांवर श्वसनमार्गाचे आजार घडवू शकणारे जिवाणू सापडले. २०१५ साली जपानमध्ये इनुमा आणि सहकाऱ्यांनी ८५ वर्षांपुढच्या ५२४ वृद्धांचा तीन वर्षे पाठपुरावा केला. कवळी घालूनच झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक होता. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. कवळी न काढणारे मुळातच अधिक अशक्त असण्याची शक्यता त्यात उरते. पण योनेयामा यांच्या गटाने १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला वृद्धाश्रमांतला प्रयोग त्या शंकेला बरेचसे उत्तर देतो. रोज तोंड साफ केलेल्या गटात ११ टक्क्यांना, तर न केलेल्या गटात १९ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. फायदा दात असलेल्यांना झाला तसाच नसलेल्यांनाही झाला.

केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७पासून दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र आणि काठीबरोबर कवळीही देते. कवळी देण्याइतकेच ती कशी राखायची हे सांगणे मोलाचे आहे, आणि त्याला खर्च शून्य.

मग करायचे काय

रात्री कवळी काढून गार पाण्यात बुडवून ठेवावी. गरम पाण्याने ॲक्रिलिक वाकते आणि कोरडी ठेवली तर तिचा आकार बिघडतो. दंतमंजनाने किंवा खरखरीत पेस्टने घासू नये. त्याने कवळीवर बारीक चरे पडतात आणि त्या चऱ्यांतच जिवाणू आणि बुरशी ठाण मांडतात. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरतो. धुताना खाली बादलीत पाणी किंवा टॉवेल असावा, कारण हातातून सुटलेली कवळी लादीवर पडली की दोन तुकडे ठरलेले. सकाळी कवळी चढवण्याआधी ओल्या मऊ कापडाने हिरड्या, टाळू आणि गाल पुसून घ्यावेत, जीभही साफ करावी. दात नसलेल्यांनीही वर्षातून एकदा दंतवैद्याला तोंड दाखवावे.

इम्प्लांट घेणाऱ्यांसाठी हिशेब आणखी सरळ आहे. थोडे दात शिल्लक असतील तर आधी त्यांच्या हिरड्यांचा पायरिया आटोक्यात आणावा. सगळे दात काढून काही महिने थांबलो म्हणजे तोंड स्वच्छ झाले, या समजुतीवर विसंबू नये. जिवाणूंना तोंडातून कायमचे हाकलता येत नाही, आणि त्यासाठी अँटिबायोटिक्सचे कोर्स करणेही व्यर्थ आहे. रोजच्या सफाईने त्यांची संख्या इतकी खाली ठेवता येते, की त्यांचे काही चालू नये. नव्या दातांचे पैसे भरताना दर चार-सहा महिन्यांच्या तपासणीचा खर्चही हिशेबात धरावा. तो परवडणार नसेल, तर नीट राखलेली कवळी हाच अधिक शहाणपणाचा सौदा ठरतो.